खिडकीतला कूलर आणि मुका झालेला फोन

प्रश्न : नमस्कार. मी नागपूरला नंदनवनमध्ये राहते. पंधरा वर्षांपासून घरूनच जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करते. बाबांच्या वेळचा लँडलाइन नंबर आहे, अर्ध्या क्लायंटकडे तोच आहे. मागच्या दिवाळीत कंपनीने तांब्याची लाइन बंद करून फायबर दिलं. लावायला आलेल्या पोराने हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटात डबा ठेवला आणि गेला. माझं ऑफिस अंगणापलीकडच्या खोलीत आहे. तिथला फोन तेव्हापासून मुका आहे आणि फॅक्सवालं मशीन नुसतंच पडून आहे. वायफायवाला दुसरा प्रिंटर पुण्याहून मुलाने फोनवर सांगून सांगून जोडून दिला, तो आठवड्यातून दोनदा 'ऑफलाइन' दाखवतो. हिवाळ्यात ऑफिसात नेट ठीक होतं. एप्रिल लागल्यापासून दुपारी काहीच उघडत नाही. तक्रार केली तर तोच पोरगा आला, हॉलमध्ये मोबाइल धरून म्हणाला, 'मॅडम, स्पीड तर फुल येऊन राहिली.' आमचे हे म्हणतात, दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घे. मुलगा म्हणतो, लँडलाइन काढूनच टाक. काय करू?

उत्तर :

ताई, दोनशेचा प्लॅन घेऊ नका आणि लँडलाइनही काढू नका. दोन्हींची कारणं सांगतो, पण आधी एप्रिलचं बघू.

तुमचं पत्र वाचताना 'एप्रिल लागल्यापासून' या शब्दांवर अडलो. फायबरला ऊन लागत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, त्याला मे काय आणि डिसेंबर काय. म्हणून तुम्हाला उलट मेल करून दोनच गोष्टी विचारल्या : हॉलची अंगणाकडची खिडकी उन्हाळ्यात उघडी असते का, आणि ऑफिसचं दार कशाचं आहे? तुमचं उत्तर आलं, खिडकीत होळीपासून कूलर बसलाय आणि दार पत्र्याचं आहे, दुपारी लू आत येते म्हणून लावून घेते.

मग झालं तर. हिवाळाभर तुमचं वायफाय त्या खिडकीतून बाहेर पडत होतं, अंगण ओलांडून उघड्या दारातून ऑफिसात येत होतं. आता त्या खिडकीत पत्र्याचा पेटारा आहे, त्याच्या पोटात बादल्यांनी पाणी आणि तीन बाजूंना भिजलेला वाळा. पत्रा वायफायच्या लहरी परतवून लावतो, पाणी त्या पिऊन टाकतं. मायक्रोवेव्ह ओव्हन भाजीतलं पाणी तापवतो तो २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींनी, आणि तुमचं वायफायही तिथेच आसपास, २.४ वर चालतं. वायफायची ताकद ओव्हनच्या मानाने नगण्य, म्हणून कूलरचं पाणी तापत नाही इतकंच. सकाळी दार उघडं असतं तेव्हा थोडंफार चालतं, दुपारी दार लागलं की तेही गेलं. हॉलमध्ये डब्यापासून चार हातांवर उभ्या असलेल्या त्या पोराला हे दिसणार कसं? त्याची स्पीड फुलच येणार. दोनशेचा प्लॅन घेतला असता तर हॉलमध्ये दुप्पट फुल आली असती आणि ऑफिसात तीच बोंब राहिली असती.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा. मोबाइलवर वायफायची ताकद दाखवणारं एखादं फुकटचं अॅप घ्या. आकडा उणे असतो. उणे ६५ च्या आसपास असेल तर व्हिडिओ कॉलसुद्धा नीट होतो. उणे ८० च्या पलीकडे गेला की पानं उघडताना चाक फिरत बसतं. दुपारी दोन वाजता ऑफिसच्या टेबलावर एकदा दार लावून बघा, एकदा उघडून. कूलरला हात लावायची गरज नाही, मे महिन्यात तुम्हाला तो सल्ला द्यायची माझी हिंमतही नाही.

आता फोन. मी टेलिफोनच्या लाइनवर नोकरी काढली आहे, त्यामुळे या भागावर जरा रेंगाळणार, चालवून घ्या.

तांब्याच्या काळात घरात आधी फोन यायचा आणि नेट त्याच्या पाठीवर बसून यायचं. दोन तारांची एक जोडी. बोलणं चार किलोहर्ट्झच्या आत, नेट त्याच्या बरंच वर, आणि दोघांची फाळणी करायला तो पांढरा स्प्लिटर. फायबरमध्ये सगळं उलटं झालंय. आता नेट घोडा आहे आणि फोन स्वार. बाहेरून फक्त प्रकाश येतो, आणि तुमचा फोन घरातल्या त्या डब्यातून, म्हणजे कंपनीवाले ज्याला ओएनटी म्हणतात त्यातून जन्माला येतो. तुमच्या घरातली जोडणी मात्र अजून जुन्याच हिशेबाने उभी आहे. ऑफिसातला फोन अजूनही बाहेरच्या खांबाकडे तोंड करून बसलाय आणि तिकडे आता कोणीच नाही. मुका होणार नाही तर काय.

डब्याच्या मागे बघा. चार रुंद खाचा असतील, त्या लॅनच्या, म्हणजे वायरने नेट देणाऱ्या. त्यांच्या शेजारी एक किंवा दोन अरुंद खाचा असतील, त्यांच्यावर 'फोन', 'टेल' किंवा 'पॉट्स' असं लिहिलेलं असतं. तुमचा फोन तिथे. आधी हॉलमध्येच एखादा साधा फोन थेट त्या खाचेत लावून टोन येतो का बघा. नाही आला तर घरातलं काही उसवत बसू नका, कंपनीला फोन करून एकच वाक्य विचारा : माझ्या नंबरचं व्हॉइस या डब्यावर चालू केलंय का? पुष्कळदा नेट चालू करून देतात आणि हे राहून जातं.

एक सावधगिरी. फोनची बारकी पिन लॅनच्या रुंद खाचेतही सहज बसते. बसते म्हणून ती तिची जागा नव्हे. मी स्वतः एकदा चष्मा न लावता बसवली आणि त्या खाचेच्या कडेच्या दोन तारा कायमच्या दाबून ठेवल्या. शिवाय तांब्याच्या जिवंत लाइनवर रिंग येते तेव्हा तारेत ७५ ते ९० व्होल्टचा करंट खेळतो. ओल्या हाताने जोड मारताना रिंग आली की काय होतं ते कोणत्याही लाइनमनला विचारा. लॅनच्या नाजूक खाचेत तो गेला तर डब्याचं काही खरं नाही.

हॉलमध्ये टोन आला की खरी गंमत. हॉलपासून ऑफिसपर्यंत फोनची जुनी वायर तुमच्या भिंतीतून गेलेलीच आहे. बाबांनी घातलेली ती वायर आता उलट्या दिशेने वापरायची. हॉलमध्ये भिंतीवर छोटी चौकोनी पेटी असेल, आम्ही तिला रोझेट म्हणतो. तिचं झाकण उघडलं की दोन वायरी दिसतील. एक बाहेरून, खांबावरच्या डीपीतून, म्हणजे टेलिफोनच्या जोडपेटीतून येते; दुसरी ऑफिसकडे जाते. बाहेरची वायर आधी स्क्रूखालून सोडवा आणि तिच्या टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळा. ही पायरी गाळायची नाही. लाइन बंद झाली असं कंपनी म्हणते, पण खांबावर जोड तसाच असेल तर एक्सचेंजचे ४८ व्होल्ट त्यात अजून असू शकतात, आणि डब्याचा फोनही आपला वीजदाब स्वतः देतो. दोघं समोरासमोर आले तर मरतो तो डबा. मल्टिमीटर असलेला इलेक्ट्रिशियन पाच मिनिटांत तपासून देईल.

बाहेरची वायर सुटली की डब्याच्या फोनच्या खाचेतून एक छोटी कॉर्ड रोझेटमध्ये आणा. ऑफिसातला फोन उचला, टोन यायला पाहिजे. तुमचा ऑफिसचा फोन जुना असेल तर उलटा करून पोटाकडचा बारका खटका बघा, टी आणि पी लिहिलेला. तो टी वर, म्हणजे टोनवर ठेवा. पल्सवर असला तर टोन ऐकू येऊनही नंबर न लागण्याची शक्यता आहे. आणि घंटावाले जुने फोन दोनपेक्षा जास्त लावू नका, डब्याला सगळ्यांच्या घंटा वाजवायची ताकद नसते.

जुना स्प्लिटर अजून लोंबकळत असेल तर काढून ई-कचऱ्यात द्या.

लँडलाइन काढून टाक म्हणणाऱ्या चिरंजीवांना एक गोष्ट सांगा. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २०११ पासून आहे, लँडलाइनला ती नाही. ०७१२ चा हा नंबर एकदा सोडला की दुसऱ्या कंपनीत तो मागता येत नाही. बाबांच्या वेळचे क्लायंट तोच फिरवणार, आणि जुलैत रिटर्नच्या गर्दीत फिरवणार. स्वस्त प्लॅन दुसरीकडे दिसला तर जरूर घ्या, पण जुनं कनेक्शन बंद करायच्या अर्जावर सही करण्याआधी हे आठवा. आहे त्याच कंपनीत प्लॅन बदलताना 'नंबर हाच राहील' एवढं लिहून घ्या.

फॅक्सचं थोडक्यात. फॅक्स म्हणजे शिट्ट्यांची भाषा, आणि फायबरवर आवाज तुकडे करून पाठवला जातो. माणसाला मधला एखादा तुकडा गळल्याचं कळत नाही, फॅक्सला कळतं आणि तो पान अर्ध्यावर टाकतो. मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग १४४०० वरून ९६०० वर आणा आणि ईसीएम, म्हणजे चुका दुरुस्त करायची सोय, बंद करा, मग बहुतेक पानं जातात. पण मला विचाराल तर फॅक्ससाठी याउपर घाम गाळू नका. त्याच मशीनवर स्कॅन करून मेल करा. तुमच्या दोन-तीन जुन्या क्लायंटना फॅक्सच पाहिजे असेल तर त्यांच्याकडेही आता घरात कोणाकडे तरी व्हॉट्सअॅप असेलच.

आता अंगण ओलांडायचं. घरच्या ऑफिसचा माझा हिशेब साधा आहे : जे जागचं हलत नाही त्याला वायर, जे हातात घेऊन फिरतं त्याला वायफाय. टेबलावरचा कॉम्प्युटर, प्रिंटर, फोन हे तिघं तुमच्या ऑफिसात वर्षानुवर्षं एकाच जागी आहेत. त्यांना हवेतून नेट द्यायचा हट्ट कशाला? एक कॅट सिक्सची, म्हणजे नेटची वायर हॉलमधल्या डब्याच्या लॅनमधून ऑफिसात न्या. ती शंभर मीटरपर्यंत दम न लागता जाते, तुमचं अंगण फार तर पंधरा मीटर. रेंज वाढवणारे प्लगवाले एक्स्टेंडर विकायला येतात, ते घेऊ नका. ते हॉलमधलं क्षीण झालेलं वायफायच पुढे ओरडून सांगतात, कूलर आणि पत्रा मध्ये आहेत ते आहेतच.

वायर बर्डीच्या बाजारात घ्या, पण डोळे उघडे ठेवून. स्वस्तातल्या वायरीत तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत अॅल्युमिनियम. दुकानदारासमोर एक तार ब्लेडने खरवडायची. आत तांबूसच राहिली तर तांबं, चांदीसारखी पांढरी निघाली तर ठेवून द्या म्हणायचं. अॅल्युमिनियमची तार दोनदा वाकवली की तुटते, आणि पिन दाबताना तर हमखास. बाहेरून जाणाऱ्या तुकड्यासाठी काळ्या जाड आवरणाची, उन्हात टिकणारी वायर मागा. आपल्याकडचं ऊन साध्या राखाडी आवरणाचा दोन-तीन उन्हाळ्यांत पापड करतं.

ती अंगणावरून कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी टांगू नका. मृगाच्या आधी विदर्भात विजा कशा कडाडतात ते मी सांगायला नको. उघड्यावर ताणलेली तांब्याची वायर वीज जवळपास पडली तरी झटका आत आणते. तांब्याच्या फोनलाइनवर असे किती मोडेम जळताना पाहिले त्याची मोजदाद नाही. पाइपातून, भिंतीच्या कडेने किंवा जमिनीखालून न्या, लाइटच्या वायरीच्या पाइपातून नको. आणि गडगडाट सुरू झाला की दोन्हीकडची पिन काढून ठेवायची, ही सवय फायबर आलं तरी सोडू नका.

ऑफिसच्या टोकाला एक साधा दोन बँडचा, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा राउटर लावा, हजार-दीड हजारात येतो. तो लावायची एक पद्धत आहे, आणि चुकते ती इथेच. नवीन राउटर आधी नुसता लॅपटॉपला जोडा, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ता बदला. हॉलचा डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मग त्याचं डीएचसीपी बंद करा. पत्ते वाटायचं काम घरात एकाच डब्याने करायचं असतं, दोघं वाटायला लागले की कोण कोणाच्या घरात हेच कळत नाही. त्यानंतर हॉलहून आलेली वायर राउटरच्या 'वॅन' खाचेत नव्हे, लॅनच्या खाचेत घाला. काही राउटरमध्ये 'अॅक्सेस पॉइंट' नावाचा तयार पर्याय असतो. तो निवडला तर हे सगळं तो स्वतः करतो, मग वायर कुठे घालायची तेही तोच सांगतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड हॉलमधलेच द्या. मोबाइल अंगणातून चालता चालता आपोआप इकडचं पकडेल. कॉम्प्युटर मात्र वायरवर.

तुमचा वायफायवाला प्रिंटर ऑफलाइन का होतो? बरेचसे घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात, ५ चं त्यांना दिसतच नाही. तो एकदा जोडला गेला म्हणजे ती अडचण नाही. दर आठवड्याला जातो याचा अर्थ बहुधा त्याचा पत्ता बदलतो. डबा बंद-चालू झाला की प्रिंटरला नवा नंबर मिळतो आणि तुमचा लॅपटॉप जुन्याच खोलीचं दार ठोठावत राहतो. हॉलच्या डब्याच्या सेटिंगमध्ये पत्ता राखून ठेवायची सोय असते, तिथे प्रिंटरच्या नावाने एक पत्ता कायमचा लावून द्या आणि लॅपटॉपमध्ये प्रिंटर त्या पत्त्याने नव्याने जोडा. प्रिंटरला लॅनची खाच असेल तर एवढंही नको, सरळ राउटरला वायर. तीही नसेल आणि प्रिंट फक्त एकाच कॉम्प्युटरवरून काढत असाल तर यूएसबीची वायर लावा आणि विसरून जा. चिरंजीवांना राग येईल, येऊ द्या.

पुढे कधी हॉलमधला डबा बदलून मिळाला तर नव्यालाही हेच नाव, हाच पासवर्ड द्या. प्रिंटर, मोबाइल, टीव्ही, सगळे काही न विचारता आत येतात. हे आधी माहीत असतं तर त्या दिवशी पुण्याचा तो फोन एवढा लांबला नसता.

समोर बसलेल्या क्लायंटने वायफाय मागितलं तर गेस्टचं नेटवर्क द्या. तुमच्या कॉम्प्युटरवर लोकांचे पॅन आणि बँकेचे तपशील आहेत, त्यांच्या शेजारी अनोळखी मोबाइल नको. आणि डब्याच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड अजून बदलला नसेल तर आजच बदला.

हॉलमधल्या डब्याबद्दल दोन शब्द. टीव्हीच्या कपाटातून तो बाहेर काढा. असल्या डब्यांची सहनशक्ती साधारण ४० अंशांपर्यंतची लिहिलेली असते, आणि बंद कपाटात सेट-टॉप बॉक्सच्या शेजारी नागपूरच्या मे महिन्यात किती होत असेल! भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, हवा लागेल असा लावा. हलवताना पिवळी किंवा पांढरी बारीक फायबरची वायर जपून. तिचं वेटोळं २.६ च्या बांगडीपेक्षा लहान होऊ द्यायचं नाही. ती बांगडी साधारण ६० मिलिमीटरची भरते आणि साध्या फायबरला तेवढाच वळसा सोसतो. रबर लावून आवळलेलं वेटोळं मी कितीतरी घरांत सोडवलंय आणि नेट सुधारलंय. हिरव्या टोकाची पिन उगाच काढून बघू नका, आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण डोळ्यांत जातो. एलओएसचा, म्हणजे प्रकाश पोचत नसल्याचा लाल दिवा लागला तर वेटोळं आवळलेलं नाही एवढं बघा, बाकी ती कंपनीची बाब. तो पोरगा आला की 'आरएक्स पॉवर किती?', म्हणजे डब्यापर्यंत प्रकाश किती पोचतो, एवढं विचारा. उणे १५ ते उणे २५ च्या मध्ये असेल तर लाइन ठणठणीत आहे. उणे २७ च्या पलीकडे असेल तर बाहेरचा जोड नीट करून द्यायला सांगा. हा प्रश्न विचारल्यावर तो मोबाइल खिशात ठेवून डब्याकडे बघेल.

शेवटची एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण पहिल्याच वादळात विचाराल. तांब्याचा फोन लाइट गेली तरी चालायचा, कारण त्याला करंट एक्सचेंजच्या बॅटरीतून यायचा. आता डब्याला करंट नाही तर फोनही नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर हॉलचा डबा आणि ऑफिसचा राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आहेत का बघून घ्या. नसेल तर राउटरसाठीचे छोटे डीसी यूपीएस मिळतात, डब्याला एक आणि राउटरला एक. घ्यायला जाण्याआधी दोन्ही अॅडॉप्टरच्या पोटावरच्या अक्षरांचा मोबाइलवर फोटो काढा. बहुतेकांवर १२ व्होल्ट असतं, पण अँपिअर वेगवेगळे असतात. यूपीएसचे अँपिअर अॅडॉप्टरवरच्या आकड्याइतके किंवा त्याहून जास्त हवेत, आणि पिनची जाडी जुळली पाहिजे. फोटो दुकानदाराला दाखवा, तो अंदाजाने देत असेल तर घेऊ नका.